चौथं तळं

एकदा एका माणसानं जन्माची पुंजी घालून एक तळं विकत घेतलं आणि महिन्याच्या आत ते बुजवून टाकलं. माणूस वेडा नव्हता बरं का. कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, कुणाच्या वाईटावर नव्हता. दिदिन त्याचं नाव.

हे घडलं समुद्रापलीकडे, जावा बेटावर. तिकडेही आपल्यासारखाच भात होतो, केळी होतात, नारळ होतात आणि पाऊस हात राखून पडत नाही. तिथं एका मोठ्या शहरापासून बसनं तासाभराच्या वाटेवर डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गाव म्हणावं तर शिवारात भात डोलायचा, आणि शहर म्हणावं तर वेशीवर बुटांचा कारखाना निघालेला. शहर दरवर्षी चार पावलं गावाकडे सरकत होतं.

त्या गावात एक आळी होती नऊ घरांची. डोंगरातला झरा बांबूच्या पन्हळीतून पहिल्या घराच्या परसात उतरायचा. परसात तळं. तळं म्हणजे फार मोठं समजू नका, आपल्याकडे खळं असतं तेवढंच. ते भरलं की बांधाच्या खाचेतून पाणी दुसऱ्या घराच्या तळ्यात जायचं, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि असं करत करत नवव्यातून सुटलेलं पाणी खाली भातखाचरात पोचायचं. नऊही तळ्यांत मासे. घरात राहिलेला भात, भाजीचे देठ, सगळं माशांना. आणि ईदच्या आधी एक दिवस ठरवून, वरून खाली एकेका तळ्याचं बूच काढायचं, पाणी सोडायचं, मासे धरायचे आणि आळीभर वाटून घ्यायचे. बापजाद्यांपासून हेच चालत आलेलं.

आता दिदिनचं सांगते. तो शहरात सूतगिरणीत होता. चौदा वर्षं त्यानं बायकोसह अशा खोलीत काढली, की एकानं पाय पसरले तर दुसऱ्यानं आखडायचे. त्याची बायको एन्तिन लोकांचे कपडे शिवायची. दोघांनी पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते. दिदिनच्या मनात एकच होतं. गावाकडे तुकडा घ्यायचा, त्यावर सहा खोल्या काढायच्या, त्या कारखान्यातल्या मुलींना भाड्यानं द्यायच्या आणि म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचा नाही. एन्तिननं त्यासाठी लग्नातल्या बांगड्या मोडल्या. मोडताना एवढंच म्हणाली, "बुडवू नका म्हणजे झालं."

जमीन कशी पारखायची हे शिकायला तो त्या गावातल्या अबाहांकडे गेला. अबाह म्हणजे आपल्याकडे आबा म्हणतात तसंच. सत्तरीचे गृहस्थ, आळीतलं तिसरं घर त्यांचं. पंचक्रोशीत कुणी जागा घ्यायची म्हटली की आधी अबाहांना घेऊन जायचं अशी रीत होती. अबाह जागेवर गेले की बोलायचे नाहीत. आधी मांडी घालून खाली बसायचे आणि घटकाभर नुसते बघत राहायचे.

दिदिन तीन रविवार त्यांच्यामागून फिरला. कुठली माती पाणी धरते, कुठली सोडते, ऊन कुठून येतं, वाट कुणाच्या हक्काची, सारं शिकला. शिष्य हुशार होता. चौथ्या रविवारी त्यानंच विचारलं, "अबाह, तुमच्या खालचं चौथं घर विकायचं आहे म्हणे?"

"आहे. म्हातारा म्हातारी मुलीकडे जायचं म्हणतात."

दोघं बघायला गेले. घर जुनं होतं, त्याला काही मोल नव्हतं. तळ्याच्या बांधावर एक म्हातारा हातात चहाचा पेला घेऊन उभा होता. दुसऱ्या हातात काठी. पाण्याकडे बघत चहा पीत होता, मधूनच काठी पाण्यात घालत होता. दिदिनला वाटलं, रिकामटेकडा दिसतो. आयुष्य असंच उभ्या उभ्या घालवलं असणार.

"जागा चांगली आहे," अबाह म्हणाले. "पण पोरा, घेण्याआधी एक पावसाळा इथं राहून बघ. आमच्याकडे पडवी रिकामीच आहे."

"पावसाळाभर थांबलो तर जागा राहायची नाही, अबाह. नवा रस्ता येतोय म्हणतात. मी तळ्याची काळजी घेईन ना. बुजवलं तरी खालून पाइप टाकतो, चांगला रुंद, सिमेंटचा. तुमचं पाणी माझ्या पाइपातून सरळ पाचव्या घरी. थेंब अडणार नाही."

अबाहांनी थोडा वेळ विचार केला. "पाइप बरोबर आहे," ते म्हणाले.

दिदिननं शब्द पाळला. पाइप असा टाकला की आळीनं मान डोलवावी. उतार नीट, सांधे पक्के, तोंडाशी लोखंडी जाळी. वर भराव घातला, भरावावर ओळीनं सहा खोल्या उभ्या केल्या आणि भिंतींना फिका हिरवा रंग दिला. बुटांच्या कारखान्यातल्या बारा मुली राहायला आल्या, एकेका खोलीत दोघी दोघी. दिदिन शहरातच राहिला आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊन भाडं घेऊन जाऊ लागला. एन्तिनला म्हणाला, "बघ, बुडवलं का?"

मग पावसाळा लागला.

पावसात तिथं एकटं पाणी येत नाही. डोंगरातनं पालापाचोळा येतो, केळीची सोपटं येतात, कुणाची चप्पल येते. हे सगळं दिदिनच्या जाळीला येऊन बसलं. पाइपाचं तोंड मिटलं. वरची तीन तळी भरून वाहायला लागली. पाण्याला काही हिरवा रंग दिसत नाही. त्याला आपली जुनी जागा ठाऊक होती, ते तिथंच जाऊन बसलं. सहाही खोल्यांत घोट्याएवढं पाणी, आणि त्या पाण्यात अबाहांच्या तळ्यातले मासे. मुली सकाळी उठल्या तर चटया तरंगतायत! एक जण ओरडली, "अगं बाई, माझ्या बुटात मासा!" दुपारपर्यंत बाराही जणी चटया डोक्यावर घेऊन चालत्या झाल्या.

आणि खालच्या पाच तळ्यांत? तिथं पाणी आटलं. भर पावसात तळी कोरडी. आभाळातनं पडतं त्यावर मासे जगत नाहीत, त्यांना वाहतं लागतं. पाचव्या घरात बीबी इयोस राहायची. बीबी म्हणजे मावशी. विधवा बाई, तळ्यातले मासे विकून घर चालवायची. तिनं मेलेले मासे टोपलीत भरून अबाहांच्या दारात आणून ठेवले.

दिदिन धावत आला. पाणी उपसलं, जाळी मोकळी केली आणि तडक अबाहांकडे गेला.

"तुमच्या आळीला सांगा, अबाह, पाण्यात घाण टाकू नका म्हणून. माझा पाइप काय उकिरडा आहे?"

"घाण कुणी टाकत नाही. झाडं टाकतात."

"मग मी काय करू? खोल्या अशाच रिकाम्या राहिल्या तर आम्ही रस्त्यावर येऊ. एन्तिननं बांगड्या मोडल्यात त्यापायी."

आळीतली चार माणसं तिथं जमली होती. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा याला पाइप उपटायला लावणार. पण अबाह म्हणाले, "पोरा, पहिल्या नंबरची खोली मला भाड्यानं दे."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मी राहीन. भाडं काय ते सांग."

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. अबाहांचं घर तिथून तीस पावलांवर. सागवानी दरवाजा, रुंद पडवी, नांदती सून, नातवंडं. असा माणूस पाण्यानं फुगलेल्या भिंतीच्या खोलीत कशाला राहील? दिदिनला वाटलं, चेष्टा करतायत. पण अबाहांनी तीन महिन्यांचं भाडं तिथंच मोजून दिलं, चटई, उशी आणि चहाचा पेला घेतला आणि संध्याकाळी राहायला गेले.

आळीत मग जी चर्चा झाली ती काय सांगावी. कुणी म्हणालं सुनेशी वाजलं, कुणी म्हणालं डोकं फिरलं. अबाहांची बायको, तिला सगळे अंबू म्हणायचे, ती दोन्ही वेळा डबा घेऊन तीस पावलं चालत जायची आणि दारातनंच मोठ्यानं म्हणायची, "अहो नवे भाडेकरू, जेवता ना? का बाहेरून जेवून आलात?"

"ठेव तिथं. आणि मिरची कमी घालत जा."

"मिरची कमी हवी असेल तर घरी या. चाळीत राहणाऱ्यांना जे मिळेल ते खावं लागतं."

आळी हसायची, पण खरं कारण कुणाला कळेना. एक बीबी इयोस सोडून. तिचं तळं पाइपाच्या खालच्या टोकाशी होतं, तिथून वरचं तोंड दिसायचं. ती सगळं बघत होती आणि गप्प होती.

एक मात्र झालं. त्या दिवसापासून खोल्यांत पाणी शिरलं नाही. पाऊस पडत होता, पण पाइप वाहत होता. महिन्याभरात हे कारखान्यात कळलं, आणि उरलेल्या पाचही खोल्या पुन्हा भरल्या. दिदिनचा जीव भांड्यात पडला. तो शहरात सांगू लागला, "पहिल्या पावसात जरा तुंबलं होतं, आता पाइपानं आपली वाट केली."

दुसऱ्या महिन्यात तो भाडं घ्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. अबाहांच्या खोलीत मांडी घालून बसला. "अबाह, एक काम आहे. बीबी इयोस जागा विकायला काढतेय असं कानावर आलं. पहिल्या तडाख्यात तिचे मासे गेले, आता तिच्यात दम नाही. स्वस्तात देईल. तिथं आणखी सहा खोल्या निघतील. पाइप पुढं वाढवला की झालं. तुम्ही शब्द टाकलात तर नाही म्हणणार नाही."

अबाहांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. जमिनीकडे बघायचे ना मांडी घालून, तसं पाहिलं.

"शब्द टाकतो," ते म्हणाले. "पण उद्या. आज तू इथं या खोलीत नीज. मला बरेच दिवस घरचं अंथरूण मिळालेलं नाही." एवढं बोलून किल्ली त्याच्या हातात दिली, चटई तिथंच ठेवली आणि तीस पावलं चालून घरी गेले. अंबूनं दार उघडता उघडता म्हटलेलं दिदिनला तिथवर ऐकू आलं, "आलात का? खोलीवाल्यानं हाकललं वाटतं?"

दिदिन झोपला. रात्रभर पाऊस लागलेला. उजाडताना त्याला जाग आली ती पायाला गार लागलं म्हणून. चटईचं टोक भिजलं होतं. उंबऱ्यातून पाण्याची एक बारीक रेघ आत येत होती, चोरपावलांनी यावी तशी.

तो धडपडत बाहेर आला. पाइपाच्या तोंडाशी पाणी फुगून आलेलं. जाळीवर पानांचा थर बसलेला, बोट घालायला जागा नाही. कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली एक काठी होती, टोकाला बांबूचा आकडा असलेली. त्यानं ती कधी पाहिलीच नव्हती. आकड्यानं तो पानं ओढू लागला. एक ओढलं तर दोन येऊन बसायची. मग त्यानं काठी टाकली आणि हात घातले, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. सोपटं निघाली, पानं निघाली, एक फाटकी चप्पल निघाली. तरी पाणी हलेना. मागं खोल्यांमधून मुलींचे आवाज यायला लागले. "ए, पाणी येतंय की काय पुन्हा?" एकीनं चटई गुंडाळायलाच घेतली.

"खालून हात घाल, खालून," पलीकडून आवाज आला. बीबी इयोस ओढणी डोक्यावर घेऊन आपल्या कोरड्या पडत चाललेल्या तळ्याच्या काठावर उभी होती. "वरची पानं काढून काही होत नाही. चिखल तळाशी बसतो. अबाह आधी तळ मोकळा करतात. आज आले नाहीत ते?"

"अबाह? हे अबाह करतात?"

"मग कोण, तुझा पाइप करतो?" ती म्हणाली. "दोन महिने झाले. उजाडायच्या आत गुडघाभर पाण्यात. मी म्हटलं, अबाह, या वयात कशाला? तर म्हणाले, भाडं भरलंय, वसूल करतो."

दिदिननं तळाशी हात घातला. मूठ मूठ चिखल काढला. आणि एकदम घशातनं घोट उतरावा तसा आवाज करून पाणी आत गेलं. पलीकडे बीबी इयोसच्या तळ्यात धार पडली. धारेखाली बोटाएवढे चार मासे उलटसुलट झाले. तिनं यांना कुठं सांभाळलं होतं कोण जाणे.

दिदिन चिखलातच बसून राहिला. थोड्या वेळानं अबाह आले, हातात चहाचे दोन पेले. एक त्याला दिला.

"मला आधी का नाही सांगितलंत?" दिदिननं विचारलं.

"एक पावसाळा राहा म्हटलं होतं. आणखी सांगितलं असतं तर तू आणखी रुंद पाइप आणला असतास."

दिदिननं चहाचा एक घोट घेतला.

"तू जागा बघायला आलास तेव्हा इथं बांधावर एक जण उभा होता, आठवतो?"

"तो चहा पिणारा. मला वाटलं, रिकामटेक—"

"तू आत्ता जे केलंस तेच तो करत होता. चाळीस वर्षं. तळं उघडं असतं, पसरट असतं, गाळ आपोआप तळाशी बसतो, पानं वर तरंगतात, म्हणून त्याला ते चहा पिता पिता जमायचं. तू त्याची जागा घेतलीस, दगडमाती घेतलीस. तो मात्र गेला, आणि त्याच्या ठिकाणी कुणीच आलं नाही. पाइप तुझा निर्दोष आहे, पण पाइपाला सकाळी उठता येत नाही. ह्या आळीत नऊ जण उठतात म्हणून पाणी चालतं. आठ उठले तर ते आठव्यापर्यंत पोचत नाही, जिथं कुणी उठलं नाही तिथंच थांबतं. तुझ्या मुली दिवसभर कारखान्यात राबतात, त्यांना काय माहीत? आणि तू तर शहरात. म्हणून मी खोली घेतली. दोन महिने तुझ्या वाटचं उठलो. आता माझे गुडघे तक्रार करतात."

त्यांनी चहा संपवला आणि पेला उपडा करून झटकला. "आता बीबीच्या जागेचं बोलू. शब्द टाकायचा ना?"

बीबी इयोस पलीकडे उभीच होती. तिनंही ऐकलं. दिदिननं मान वर केली ती तिच्याकडे बघत.

"बीबी, विकायचीच असली तर तुमची मर्जी," तो म्हणाला. "पण माझ्यामुळे विकू नका."

ती म्हणाली, "आधी अंग धू. मग बोल."

त्या खेपेला तो भाडं घेऊन गेला नाही. शहरात जाऊन एन्तिनला घेऊन आला. दोघंही पाइपाच्या तोंडाशी बराच वेळ उभी राहिली. एन्तिननं पहिली खोली बघितली, भिंतीवरची ओल बघितली, काठी बघितली. मग विचारलं, "ही एक पाडली तर किती राहतात?"

"पाच."

"आणि आपण एकीत राहिलो तर?"

"चार."

"गिरणीला बस इथून किती वाजता?"

"पावणेसहाला पहिली, सातला दुसरी."

"मग सातची धरा," एन्तिन म्हणाली.

पहिली खोली पाडली. तिच्या खालचा पाइप फोडला, भराव काढला आणि तिथं पुन्हा एक तळं झालं. पूर्वीच्या निम्म्यानंही नव्हतं, पण गाळ बसायला आणि पानं तरंगायला पुरे. मुलींना वाटलं, मालकानं अंगणात शोभेसाठी केलंय. बांगड्या काही परत आल्या नाहीत, चार खोल्यांच्या भाड्यात येणारही नव्हत्या. एन्तिननं पुढच्या खिडकीत शिवणाचं यंत्र मांडलं आणि आळीतल्या पोरींची झबली शिवायला घेतली. अबाहांनी उरलेल्या एका महिन्याचं भाडं परत मागितलं, अगदी दारात उभं राहून, आणि घेऊनही गेले.

त्या वर्षी ईद पाऊस सरता सरता आली. ठरल्या दिवशी सकाळी आळी परसात उतरली, टोपल्या, जाळी, पोरंटोरं सगळी. पहिल्या तळ्याचं बूच निघालं, मासे धरले गेले. मग दुसऱ्याचं. मग अबाहांचं. दिदिन आपल्या तळ्याच्या कडेला मागं उभा होता. त्याच्याकडे द्यायला काय होतं? आठवड्यापूर्वी बीबी इयोसनं ओंजळभर पिल्लं आणून सोडली होती, तीही करंगळीएवढी. ती काय धरायची आणि काय वाटायची. त्याला वाटलं, लोक तिसऱ्यावरून पाचव्याकडे जातील.

पण कुणी पुढं गेलं नाही. सगळी माणसं चिखलानं माखलेले हात तसेच धरून थांबली होती. अंबूनं शेवटी हाक मारली, "अहो चौथे, झोपलात का? तुमचं बूच कोण काढणार?"

दिदिन तळ्यात उतरला आणि तळाशी हात घातला.